दिसतें आहे तोंवर

आमच्या घरांत आजहि तीन पिढ्या एका छपराखालीं नांदतात असें सांगितलें, म्हणजे पुण्या-मुंबईचे आमचे स्नेही प्रथम भुंवया उंचावतात आणि मग दबल्या आवाजांत विचारतात, "स्वयंपाकहि एकत्रच का हो?" स्वयंपाक एकत्रच असतो. एरव्हीं चौदा आणि सणावारीं वीस-बावीस पानें आमच्या माजघरांत मांडलीं जातात. आणि जेथें इतकीं पानें एका ओळींत मांडलीं जातात, तेथें कोणाचाहि आजार हा त्याच्या एकट्याचा राहूं शकत नाहीं, असा आमचा अनुभव आहे. सर्दी झालेल्या मुलास सहाजणी सहा काढे सांगतात. मग मधुमेहासारखा मुक्कामालाच आलेला पाहुणा घरांत शिरल्यावर काय होत असेल, याची कल्पना एकत्र कुटुंबांत वाढलेल्या वाचकांस सहज करतां येईल.

हा पाहुणा आमच्याकडे प्रथम आला तो २००८ सालीं, आमच्या वडील बंधूंकडे. दादांचें वय त्या वेळीं बावन्न वर्षांचें होतें. त्या दिवसापासून दादांचें ताट ही सार्वजनिक बाब झाली. त्यांच्या भातावर एकाची नजर, बटाट्याच्या भाजीवर दुसऱ्याची. आमच्या धाकट्या चिरंजीवांनीं तर "दादाकाकांनीं देवघरांतला पेढा घेतला" अशी वर्दी द्यावयाची आणि त्या कामगिरीबद्दल स्वतः एक पेढा मिळवावयाचा, असा क्रम कित्येक दिवस चालला होता. शेजारून कारल्याचा रस आला, मेथीचें पीठ आलें, जांभळाच्या बियांचें चूर्ण आलें. दादांनीं तें सारें मुकाट्यानें घेतलें आणि डॉक्टरांच्या गोळ्याहि नियमानें घेतल्या. त्यामुळें गुण नेमका कशाचा आला, हा वाद आमच्या घरांत अद्याप मिटलेला नाहीं.

या साऱ्या पहाऱ्यांत एक पहारा आम्हीं आपण होऊन स्वतःकडे घेतला होता, आणि तो म्हणजे दादांच्या डोळ्यांचा. मधुमेह निघाला कीं त्याच सुमारास डोळ्याचा आंतला पडदा तपासून घ्यावा आणि पुढें दर वर्षीं तसें करीत जावें, हें डॉक्टरांनीं पहिल्याच भेटींत बजावलें होतें. घरांत चार पुस्तकें अधिक वाचलेले म्हणून आमचा लौकिक. तेव्हां ही जबाबदारी आमच्यावर शोभूनहि दिसली. तुळशीचें लग्न आटोपलें कीं त्या आठवड्यांत मोटार ठरवावी आणि दादांना घेऊन जिल्ह्याच्या गांवीं नेत्रवैद्याकडे जावें, असा परिपाठच पडून गेला. या वारीला आम्ही तिघें असूं: दादा, आम्ही आणि वहिनी.

ज्यांना या तपासणीचा प्रसंग आला नसेल त्यांच्यासाठीं तिचें थोडें वर्णन करतों. प्रथम भिंतीवरचीं लहानमोठीं अक्षरें वाचावयास लावतात. मग डोळ्यांत थेंब घालून बाहेर बसवितात. पंधरा-वीस मिनिटांनीं, लागल्यास पुन्हां थेंब घालतात. त्या औषधानें डोळ्याची बाहुली, एखादें झरोक्याचें दार पुरतें उघडावें तशी, रुंद होते. आणि मग त्या झरोक्यांतून आंत प्रकाश टाकून डॉक्टर डोळ्याची मागची भिंत पाहतात व तिचें छायाचित्र घेतात. दुखत कांहीं नाहीं. मात्र जवळचें अक्षर पुसट होतें, उजेड टोंचूं लागतो, आणि हा अंमल कांहीं तास राहतो. म्हणून त्या दिवशीं स्वतः वाहन हांकूं नये, आणि सोबत कोणी तरी असावें. परत येतांना दादा काळा चष्मा लावीत आणि मोटारींत मागें रेलून बसत, तेव्हां ते एखाद्या निवृत्त चित्रपट-नटासारखे दिसत.

प्रथमचीं कांहीं वर्षें दादांचा पडदा स्वच्छ निघाला. २०१६ सालीं छायाचित्रांत बारीक लाल ठिपके दिसले. डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखें कांहीं नाहीं. मात्र साखर आणि रक्तदाब दोन्ही अधिक काटेकोर ठेवा. तसें केलें. ठिपके वाढले नाहींत. घरीं आल्यावर आम्हीं ही वार्ता सर्वांस अशा थाटांत सांगितली, कीं जणूं तो पडदा आम्हींच विणला होता.

आणि वहिनी? वहिनी बाहेर बाकावर बसत. त्यांच्या मांडीवर एक कापडी पिशवी असे. तींत पाण्याची बाटली, दशम्यांचा डबा, दादांच्या गोळ्या, तपासणीचे जुने कागद आणि तो काळा चष्मा, एवढें साहित्य असे. वहिनींनाहि मधुमेह होता. २०१२ सालच्या आरंभीं पायाच्या बोटाला झालेली जखम कितीएक आठवडे भरेना म्हणून रक्त तपासलें, तेव्हां तो निघाला. गोळ्या सुरू झाल्या, जखम भरली, आणि तें प्रकरण तेथेंच संपलें असें सर्वांनीं मानलें. वहिनींच्या मधुमेहाचा घरांत कधींच गाजावाजा झाला नाहीं. त्या स्वतः वाढणाऱ्या, आणि शेवटच्या पंगतीला बसणाऱ्या. त्यांच्या ताटांत किती भात पडतो हें पाहावयास तोंपर्यंत माजघरांत कोणी उरतच नसे.

शिवाय वहिनींच्या नजरेची तर घरांत ख्याति होती. सुईंत दोरा ओंवावा तो वहिनींनीं. नथीचा निसटलेला मोतीं फरशीच्या सांध्यांतून शोधावा तो वहिनींनीं. निवडलेल्या डाळींतला खडा उचलावा तोहि त्यांनींच. अशा डोळ्यांत कांहीं बिघाड असेल, अशी शंका यावी तरी कोणाला?

२०२२ सालच्या भाद्रपदांत, गौरी यावयाच्या आदल्या दिवशीं, वहिनी पडवींत तांदूळ निवडीत बसल्या होत्या. मध्येंच त्या सूनबाईस म्हणाल्या, "या तांदळांत जाळें झालें आहे ग. सगळे उन्हांत टाकावे लागतील." सूनबाईनें वांकून पाहिलें आणि म्हणाली, "आई, कालच नवें पोतें फोडलें. तांदूळ तर स्वच्छ आहेत." वहिनींनीं सूप बदललें. दुसऱ्या सुपांतहि जाळें होतें. मग त्यांनीं मान वर करून समोरच्या पांढऱ्या भिंतीकडे पाहिलें. काळ्या धाग्यांचें तें जाळें भिंतीवरहि होतें आणि नजर फिरेल तिकडे तें फिरत होतें.

त्या पुढें कांहीं बोलल्या नाहींत. दिवेलागणीपर्यंत त्या धाग्यांची काजळी झाली. पाण्यांत शाईचा थेंब पसरावा तशी ती पसरत गेली. आणि सकाळीं उजव्या डोळ्यापुढें हात हलला एवढेंच कळत होतें. त्या एका डोळ्यावर वहिनींनीं दुसऱ्या दिवशींच्या सोळा भाज्या चिरल्या, पुरण वाटलें, गौरींची ओटी भरली आणि सवाष्णी जेवूं घातल्या. गौरी-विसर्जन झाल्यावर, पाटावरचें सामान आवरतांना, त्यांनीं आमच्या सौभाग्यवतींस हळूच सांगितलें. सणांत कोठें विघ्न आणावें, हा त्यांचा विचार.

दुसरे दिवशीं मोटार ठरविली. तेंच रुग्णालय, तेच डॉक्टर, तेंच बाक. फरक इतकाच कीं या खेपेस थेंब वहिनींच्या डोळ्यांत पडले आणि पिशवी आमच्या मांडीवर आली. डॉक्टरांनीं बराच वेळ पाहिलें. उजवा डोळा आंतून रक्तानें भरला होता. डाव्या डोळ्याच्या पडद्यावरहि तशाच नव्या नाजूक रक्तवाहिन्या उगवल्या होत्या. त्या अद्याप फुटल्या नव्हत्या, आणि पडद्याचा मधला भाग, ज्यानें आपण वाचतों आणि माणसें ओळखतों, तो शाबूत होता. डॉक्टरांनीं विचारलें, "यांचा पडदा यापूर्वीं कधीं तपासला होता?" या प्रश्नास आम्हांपैकीं कोणीं उत्तर दिलें नाहीं, आणि त्यांनींहि तो पुन्हां विचारला नाहीं.

हा विकार डोळ्यांत कसा वाढतो तें आम्हांस डॉक्टरांनीं सांगितलें, आणि घरीं आल्यावर आम्हीं तें घरच्यांना आमच्या वाड्याच्या मागच्या भिंतीच्या दाखल्यानें समजावून दिलें. वाचकांसहि त्याच दाखल्यानें सांगतों. डोळ्याचा पडदा म्हणजे डोळ्याच्या आंत मागच्या बाजूस पसरलेलें पातळ अस्तर. बाहेरचें चित्र त्यावर उमटतें आणि तेथून मेंदूकडे जातें. या अस्तरास रक्त पुरविणाऱ्या वाहिन्या केंसाहून सूक्ष्म असतात. रक्तांत साखर वर्षानुवर्षें अधिक राहिली, कीं त्यांच्या भिंती दुबळ्या होतात. जुन्या सायकलच्या ट्यूबला जसा फुगवटा येतो, तसे त्यांना बारीक फुगवटे येतात. दादांच्या छायाचित्रांतले लाल ठिपके ते हेच. मग त्यांतून पाझर सुरू होतो. पावसाळ्यांत भिंतीला ओल धरते आणि ओल सुकली कीं पिवळट डाग मागें राहतात. अगदीं तसेंच पडद्यावरहि होतें. ही ओल मधल्या भागांत शिरली तर वाचतांना अक्षरें विरूं लागतात; पण ती कडेला असली तर माणसास कांहींच कळत नाहीं. पुढें कांहीं वाहिन्या बंद पडतात आणि पडद्याचा तेवढा भाग रक्तावांचून तळमळूं लागतो. त्या तळमळीनें तो नव्या वाहिन्यांस बोलावितो. त्या येतात, परंतु पडक्या भिंतीच्या फटींत पिंपळाचें रोप यावें तशा! त्या भलत्याच जागीं वाढतात, नाजूक असतात, आणि एखाद्या दिवशीं फुटतात. डोळ्याची पोकळी ताडगोळ्याच्या गरासारख्या स्वच्छ पदार्थानें भरलेली असते. तींत रक्त उतरलें कीं वहिनींचें तें जाळें दिसूं लागतें. आणि पिंपळाच्या मुळांनीं भिंत ओढून पाडावी, तसा या वाहिन्यांबरोबर वाढणारा चिवट पापुद्रा पडद्यालाच जागेवरून ओढून काढूं शकतो.

या साऱ्या प्रवासाला वर्षें लागतात. आणि यांतली भयंकर गोष्ट हीच, कीं बहुतेक सारा प्रवास माणसास स्वच्छ दिसत असतांनाच होतो. डोळा दुखत नाहीं, लाल होत नाहीं, चुरचुरत नाहीं. सुईंत दोरा ओंवला जातो. नजर चांगली आहे याचा अर्थ पडदा चांगला आहे असा नव्हे, हें एक वाक्य आम्हीं दादांच्या निमित्तानें नऊ वेळां ऐकलें होतें, आणि वहिनींच्या बाबतींत एकदांहि आठवलें नव्हतें.

उपचार सुरू झाले. डाव्या डोळ्यावर लेसरचे प्रयोग तीन बैठकींत झाले. हा उपाय कसा सांपडला याची हकीगत मोठी मनोरंजक आहे. ग्रहण उघड्या डोळ्यांनीं पाहूं नये असें आपल्याकडे लहानपणापासून सांगतात. १९४५ सालच्या सूर्यग्रहणाकडे तसें पाहून पडदा भाजून घेतलेला एक रुग्ण माइयर-श्विकेराथ नांवाच्या जर्मन नेत्रवैद्याच्या पाहण्यांत आला, आणि त्यांच्या मनांत आलें, कीं प्रकाशानें पडदा भाजतो, तर तोच प्रकाश आपल्या हातीं घेऊन हवें तेथेंच कां भाजूं नये? प्रथम त्यांनीं सूर्यप्रकाशच आरशांनीं वळवून वापरला. मग विजेचे प्रखर दिवे आले आणि पुढें लेसर आला. मधुमेही डोळ्यांस याचा खरोखर उपयोग होतो कीं नाहीं, हें ठरविण्यासाठीं अमेरिकेंत सतराशेंहून अधिक रुग्णांवर एक मोठा प्रयोग झाला. प्रत्येकाच्या एका डोळ्यावर उपचार केला आणि दुसरा तसाच ठेवून त्यावर लक्ष ठेवलें. १९७६ सालीं त्याचे पहिले निष्कर्ष प्रसिद्ध झाले, ते असे, कीं उपचार केलेल्या डोळ्यांत दृष्टि गंभीरपणें जाण्याचें प्रमाण निम्म्याहून अधिक घटलें होतें. हें वाचल्यावर आम्हांस राहून राहून वहिनींचेच दोन डोळे आठवत. एक वेळेवर सांपडलेला. दुसरा न सांपडलेला.

लेसर हा गेलेली दृष्टि परत आणीत नाहीं, असलेली राखतो. आणि राखण्यासाठींहि पडद्याच्या कडेचा कांहीं भाग त्याला खर्ची घालावा लागतो. म्हणून अंधारांत वहिनींना आतां पूर्वीपेक्षां कमी दिसतें. मध्यभागीं ओल आली असेल तर आज डोळ्यांत औषधाचीं इंजेक्शनें देतात. त्यांनीं पुष्कळांची नजर सुधारते, परंतु तीं एकदां देऊन भागत नाहीं. उजव्या डोळ्यांतलें रक्त आपोआप ओसरेल म्हणून कांहीं महिने वाट पाहिली, तें ओसरलें नाहीं, आणि शेवटीं शस्त्रक्रिया करावी लागली. आतां त्या डोळ्यानें वहिनींना माणूस कोण तें ओळखतां येतें. अक्षर मात्र वाचतां येत नाहीं. डावा डोळा वांचला. त्या डोळ्यावर त्यांची पोथी चालते.

शस्त्रक्रियेनंतर त्यांना घरीं आणीत असतां मोटारींत आम्हीं विचारलें, "वहिनी, इतकीं वर्षें तुम्ही आमच्याबरोबर येत होतां. एकदां तरी म्हणावयाचें, कीं माझेहि डोळे दाखवा." वहिनी बराच वेळ बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, "मला दिसत होतें, भावजी. दिसत असतांना काय सांगणार?" आणि थोड्या वेळानें, अगदीं सहज, कोणास दोष देण्याचा लवलेशहि आवाजांत नसतां, त्या पुढें म्हणाल्या, "डॉक्टर दर वर्षीं दारापाशीं येऊन तुम्हांला विचारीत, आणखी कोणाला दाखवायचें आहे का? तुम्ही म्हणत होतां, नाहीं."

वाचकहो, हें खरें होतें. २०१२ पासून २०२१ पर्यंत, २०२० सालची टाळेबंदींत चुकलेली वारी सोडून, नऊ वेळां आम्ही त्या दारांत उभे राहून "नाहीं" म्हणालों होतों. आणि प्रत्येक वेळीं ज्यांना दाखवावयाचें होतें त्या आमच्यापासून चार हातांवर पिशवी घेऊन बसल्या होत्या. लेख लिहितांना आम्ही स्वतःस 'आम्ही' म्हणतों तो या मासिकांतल्या लेखनाचा शिष्टाचार म्हणून. परंतु या एका वाक्यापुरता तो शब्द साऱ्या घराच्या वतीनें वापरतों. दादांचें ताट मोजणारे चौदा जण होते. त्यांतल्या एकालाहि या गोष्टीची आठवण झाली नाहीं, आणि स्वतः वहिनींनींहि आपली गणना मधुमेही माणसांत न करतां मधुमेही माणसाच्या बायकोंत केली.

आमची ही एकट्याची कथा असती तर ती लिहून वाचकांचा वेळ घेतला नसता. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पुढाकारानें झालेली जी मोठी पाहणी २०२३ सालीं प्रसिद्ध झाली, तींत देशांत मधुमेह असलेल्या माणसांची संख्या सुमारें १० कोटी १० लाख असल्याचा अंदाज दिला आहे. चाळीस वर्षांवरील मधुमेही माणसांपैकीं दर शंभरांत सुमारें बारा-तेरा जणांच्या पडद्यावर या विकाराच्या खुणा आढळतात, असें २०२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका देशव्यापी पाहणीनें दाखविलें. बारा-तेरा हा आंकडा लहान वाटतो. पण त्यास कोटींनीं गुणून पाहावें.

आणि हें अंधत्व टाळतां येतें, हें तर आतां सिद्ध झालें आहे. आइसलंडसारख्या चिमुकल्या देशानें १९८० सालींच मधुमेही माणसांचे डोळे नियमानें तपासण्याची पद्धत सुरू केली. इंग्लंडनें २००३ सालीं असाच कार्यक्रम हातीं घेतला आणि पांच वर्षांत तो देशभर नेला. तेथें बारा वर्षांवरील प्रत्येक मधुमेही माणसाच्या घरीं पत्र जातें: अमुक दिवशीं अमुक ठिकाणीं या, तुमच्या पडद्याचें छायाचित्र घ्यावयाचें आहे. ज्यांचीं लागोपाठ दोन छायाचित्रें निर्दोष निघतात, त्यांना आतां दोन वर्षांनीं बोलावूं लागले आहेत. या उद्योगाचें फळ काय? इंग्लंड-वेल्समध्यें काम करण्याच्या वयांतल्या माणसांच्या अंधत्वाचें पहिलें कारण कित्येक दशकें मधुमेहाचा नेत्रविकार हेंच होतें. २०१४ सालीं २००९-१० च्या नोंदी अभ्यासून प्रसिद्ध केल्या, तेव्हां पन्नास वर्षांत प्रथमच तो पहिल्या क्रमांकावरून खालीं आलेला दिसला. आणि अभ्यासकांनीं त्याचें श्रेय या तपासणीस आणि साखरेच्या चांगल्या नियमनास दिलें.

असें पत्र घरोघर येण्याची पद्धत आपल्याकडे नाहीं. ती व्हावी हें उत्तमच. पण तोंपर्यंत तें पत्र लिहावयाचें कोणीं? आमच्या मतें तें काम घरानें करावें. ज्या घराला कोणाच्या मुंजीला किती आहेर आला याची वही तीस वर्षें जपून ठेवतां येते, त्या घराला मधुमेही माणसांची एक यादी आणि त्यांच्या तपासणीची एक तारीख जपणें अवघड नाहीं.

ही यादी करूं लागलां कीं घरांतूनच आक्षेप निघतील. आम्हांस ते सारे ऐकावे लागले, म्हणून उत्तरांसह देतों. कोणी म्हणेल, "मी मागल्याच महिन्यांत चष्म्याचा नंबर काढला." नंबर काढणें म्हणजे अक्षरें वाचविणें, त्यानें पडदा तपासला जात नाहीं. किंबहुना साखर वरखालीं झाली तर नंबरहि वरखालीं होतो, आणि माणूस उगाच नवा चष्मा घेऊन समाधान मानतो. कोणी म्हणेल, "माझा मोतीबिंदू काढला आहे, आतां डोळ्याचें काय राहिलें?" मोतीबिंदू पुढच्या भिंगाचा, हा विकार मागच्या पडद्याचा. कोणी म्हणेल, "माझी साखर ताब्यांत आहे." फार चांगली गोष्ट. साखर काटेकोर ठेवल्यानें हा विकार उशिरा येतो आणि सावकाश वाढतो, हें १९९३ आणि १९९८ सालीं प्रसिद्ध झालेल्या दोन थोर अभ्यासांनीं दाखविलें आहे. रक्तदाब ताब्यांत ठेवण्याचाहि तसाच गुण आहे. परंतु उशिरा येणें म्हणजे न येणें नव्हे. मधुमेह जितका जुना, तितका धोका अधिक; आणि पडदा कसा आहे हें पडद्याकडे पाहिल्यावांचून कळत नाहीं. १८५१ सालीं हेल्महोल्ट्झनें डोळ्याच्या आंत पाहण्याचें यंत्र जगापुढें मांडलें, तोंवर तें कळण्याचा मार्गच नव्हता. आज तो आहे, आणि छायाचित्र पाहून संशय वाटल्यास तसें सांगणारीं यंत्रेंहि निघालीं आहेत. तरी आपण न पाहतांच समाधान मानावें, याला काय म्हणावें?

यादींत कोणाला केव्हां घालावें, तेंहि सांगतों. प्रौढ वयांत मधुमेह निघाला तर त्याच वेळीं पहिली तपासणी करावी. कारण तो निघण्यापूर्वीं कित्येक वर्षें शरीरांत दबा धरून बसलेला असतो. लहानपणीं इन्शुलिन सुरू करावें लागलेल्या मुलांची पहिली तपासणी तीन ते पांच वर्षांच्या आंत व्हावी. त्यानंतर सामान्यतः वर्षांतून एकदां, आणि विकार आढळला तर डॉक्टर सांगतील तितक्या वेळां. आधींपासून मधुमेह असलेल्या सुनेस वा लेकीस दिवस राहिले, तर पहिल्या तीन महिन्यांतच डोळे दाखवावे, कारण त्या काळांत हा विकार झपाट्यानें वाढूं शकतो. काळे धागे, काजळी, पडदा ओढल्यासारखें दिसणें, सरळ रेघ वांकडी भासणें, यांपैकीं कांहीं झालें तर वर्षाची वाट पाहूं नये आणि सण संपण्याचीहि पाहूं नये. गौरी रागावत नाहींत.

आमच्या स्वयंपाकघरांत भिंतीवर जें कॅलेंडर आहे, त्यावर तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्या सोमवाराभोंवतीं आतां तांबडें वर्तुळ असतें. त्याखालीं नांवें लिहिलेलीं असतात. पहिलें वहिनींचें, त्यांना त्याशिवायहि अधूनमधून जावें लागतें. दुसरें दादांचें. तिसरें आमचें स्वतःचें, कारण २०२३ सालीं, यादी करण्याच्या निमित्तानें घरांतल्या सर्व मोठ्या माणसांचें रक्त तपासलें, तेव्हां त्या पाहुण्यानें आमच्याकडेहि येऊन मुक्काम केल्याचें निघालें. थेंब घातल्यावर आम्ही तिघें त्याच बाकावर डोळे मिटून ओळीनें बसतों, आणि पिशवी सूनबाई सांभाळते.

मागल्या खेपेस डॉक्टर दारापाशीं आले आणि त्यांनीं नेहमींप्रमाणें विचारलें, "आणखी कोणाला दाखवायचें आहे का?" आम्हीं डोळे मिटलेले असल्यामुळें कांहीं दिसत नव्हतें. उत्तर वहिनींनीं दिलें. त्या म्हणाल्या, "सूनबाईला मधुमेह नाहीं. यंदाच रक्त तपासलें आहे."

वाचकांना आमची एवढीच विनंति आहे. आज रात्रीं पानें मांडलीं जातील, तेव्हां त्या ओळीकडे एकदां नीट पाहावें. आणि ओळ उठल्यावर, शेवटच्या पंगतीला जी बसते तिलाहि विचारावें, कीं तुमचे डोळे शेवटचे केव्हां तपासले होते? "मला दिसतें आहे" हें उत्तर आलें, तर तें उत्तर समजूं नये.